भोपळ्याची बोली आणि मावशीचे चार हजार : देवाकडं क्षमा मागायची कशी

सलाम मंडळी. आधी भोपळ्याचं सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

आमच्याकडं चर्चमध्ये कापणीच्या सणाला सगळे घरनं काहीतरी आणतात, कुणी ज्वारी, कुणी कोंबडी, कुणी नारळ, कुणी शेंगा चटणीचा डबा, आणि उपासना झाली की बाहेर मांडवात त्याचा लिलाव होतो, पैसे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, फंडाला जातात. त्या वर्षी एक भोपळा आलता. बाजारात साठ-सत्तर रुपयाला मिळाला असता, मी पठ्ठ्यानं बोली चढवत चढवत साडेतीन हजाराला घेतला. टाळ्या पडल्या, माइकवरनं दोनदा नाव घेतलं, पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. घरी आलो तर बायको म्हणाली, देवानं भोपळा मागितला होता का तुमच्याकडं? मग चार दिवस भोपळाच खाल्ला, भाजी, घारगे, परत भाजी.

तिच्या बोलण्यात खोच होती कारण तिला भिशीचं माहीत होतं. मी तेव्हा वीस जणांची भिशी चालवायचो, महिना दोन हजार. त्यात आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली एक बिडी वळणारी मावशी होती. तिचा नंबर लागला तेव्हा माझ्या डायरीत तिचे दोन हप्ते दिसत नव्हते, ती म्हणाली दिलेत बाबा, मी म्हणालो डायरीत नाही तर नाही, आणि चार हजार कापून बाकीचे दिले. इथपर्यंत चूक. पण महिन्याभरानं गाडीच्या डिकीत एक चिठ्ठी सापडली, माझ्याच अक्षरात, तिचे दोन्ही हप्ते लिहिलेले. आणि मी गप्प बसलो. हे पाप. भोपळा त्याच्यानंतरचा आहे, आता कळालं ना साडेतीन हजार कशाचे होते ते.

तर हे जे लिहितोय ते त्यातनं बाहेर यायला मला जी वाट सापडली त्याचं आहे, ख्रिस्ती माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहितोय पण कुणीही वाचा. माझ्यासारखे दोन गोष्टींची गल्लत करतात. देवाला पैसे देऊन पाप मिटत नाही, एक रुपयानं पण नाही. आणि माणसाचे पैसे मात्र नुसत्या प्रार्थनेनं मिटत नाहीत, ते द्यायलाच लागतात. आपण बरोब्बर उलटं करतो, देवाला पैसे देतो आणि माणसाला "प्रार्थना करतो तुमच्यासाठी" म्हणतो.

पहिलं काम म्हणजे प्रभूची प्रार्थना, येशूनं शिष्यांना शिकवलेली, हळू म्हणा. लहानपणापासून शब्बाथ शाळेत पाठ केलेली असते त्यामुळं तोंड आपोआप चालतं आणि डोकं मटणात असतं. आपल्या मराठीत ती ओळ अशी आहे, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." ऋण म्हणजे उधारी ओ, साधी उधारी. ही प्रार्थना बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकात आहे, तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा पण अर्थ देणं असाच आहे. म्हणजे पापाला प्रभूनं व्यापाऱ्याच्या भाषेत बसवलं, आणि मग लगेच सांगितलं की ही उधारी फेडून घेत नाहीत, सोडतात. तिथंच थांबा दोन मिनिटं. मला तर आधी हे पटतच नव्हतं, फुकट काही मिळतंय म्हणलं की आपल्याला शंका येते, कापड खराब असेल.

मग मत्तय १८ काढा, म्हणजे त्याच पुस्तकाचा अठरावा अध्याय, पुढची नावं आणि आकडे पण बायबलमधली अशीच वाचा. एका चाकराला राजाचे दहा हजार तालान्त देणं असतं. एक तालान्त म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची हजेरी. कॅल्क्युलेटर घ्या, सहा कोटी दिवसांची मजुरी होते. हा माणूस राजाच्या पाया पडून म्हणतोय, मला वेळ द्या, सगळं फेडतो! सहा कोटी हजेऱ्या! मला वाचताना हसू आलं आणि मग वाटलं की साडेतीन हजाराचा भोपळा घेऊन मी पण तेच म्हणत होतो की, थोडा वेळ द्या, हप्त्यानं फेडतो. राजानं सगळंच सोडलं. तोच चाकर बाहेर पडल्यावर शंभर दिनारासाठी जोडीदाराचा गळा धरतो, शंभर दिवसांच्या मजुरीसाठी. त्याच्यावर नंतर येऊ.

पैशानं कृपा विकत घ्यायचा प्रयत्न काही माझ्यापासनं सुरू झालेला नाही. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये शोमरोनातला शिमोन जादूगार येशूचा शिष्य पेत्र याच्यापुढं पैसे ठेवतो की मला पण ही पवित्र आत्म्याची शक्ती द्या, आणि पेत्र त्याला सांगतो की तुझ्या पैशाचा तुझ्यासकट नाश होवो. युरोपात पुढं पापाच्या शिक्षेतनं सूट देणारी पत्रं विकली जायला लागली, रोममधलं सेंट पीटरचं मोठं चर्च बांधायला त्यातला पैसा जायचा, त्याच्यावरनं मार्टिन ल्युथरनं १५१७ ला ९५ मुद्दे काढले आणि सगळं रान पेटलं. आता आपण प्रोटेस्टंट लोक हे फार अभिमानानं सांगतो, पण कॅथलिक चर्चनं पण १५६७ ला पैसे घेऊन अशी सूट द्यायचं बंद केलं. आणि आपल्या मोबाइलवर बघा की, "आज एक हजार एकशे अकराचं बीज पेरा, सात दिवसात बंधन तुटेल" आणि खाली स्कॅनर. कुणी तेलाची बाटली विकतंय, कुणी रुमाल. यशया ५५ मध्ये देव हाक मारतोय की ज्यांच्याकडं पैसा नाही त्यांनी या, पैक्यावाचून घ्या. जो प्रार्थनेचा रेट सांगतो त्याला ब्लॉक करा, यात फार विचार करायची गरज नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

एक वही घ्या. मोबाइलमध्ये नको, मोबाइलमध्ये लिहिता लिहिता माणूस रील बघायला लागतो. घरात जागा नसेल तर चर्चमध्ये उपासनेच्या अर्धा तास आधी जा, तेव्हा कुणी नसतं, पंखे पण बंद असतात, मागच्या बाकावर बसा. मी सिद्धेश्वर तलावाच्या कडेला बसून लिहिलं होतं संध्याकाळी, हिंदू देवाच्या तलावाशेजारी बसून ख्रिस्ती माणूस पापं लिहितोय, पण सोलापुरात बसायला दुसरी गार जागा कुठली सांगा.

वहीत दोन पानं. एका पानावर जे फक्त देवाला आणि तुम्हाला माहीत आहे ते, मत्सर, गर्व, मनातली घाण. दुसऱ्या पानावर जिथं दुसऱ्या माणसाचं नुकसान झालंय ते, नाव आणि जमलं तर आकडा. "माझ्याकडून काही चुका झाल्या असतील" असं लिहायचं नाही, ही निवडणुकीतल्या पुढाऱ्याची भाषा झाली. मी लिहिलं, मावशी, चार हजार, चिठ्ठी सापडूनही गप्प. एवढं लिहायला मला वीस मिनिटं लागली. दुसरं पण निघालं बरंच, भावाच्या नावावरचा गॅस, ऑफिसमधनं आणलेले कागदाचे रीम, ते आत्ता इथं सांगत बसत नाही.

मग प्रार्थना. लांब नको. लूक १८ मधला जकातदार, म्हणजे कर वसूल करणारा, लोकांच्या लेखी पापी माणूस, मंदिरात लांब उभा राहतो, वर बघायची पण हिंमत नाही, छाती पिटत एवढंच म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर", आणि प्रभू म्हणतो हा माणूस नीतिमान ठरून घरी गेला. शेजारचा परूशी, म्हणजे धर्माचे नियम कडक पाळणारा, मात्र मी दशांश, कमाईचा दहावा हिस्सा, देतो, मी आठवड्यातनं दोनदा उपास करतो असं दानाचं स्टेटमेंट वाचून दाखवत होता. तेवढंच एक वाक्य म्हणा, मग वहीतलं एकेक नाव घ्या. शेवटी योहानाचं पहिलं पत्र १:९ वाचा, आपण पापं कबूल केली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, क्षमा करतो. न्यायी हा शब्द सोडू नका. क्रुसावर किंमत भरून झालीय, पेत्र त्याच्या पहिल्या पत्रात लिहितो की तुम्हाला सोनंरुपं देऊन सोडवलं नाही, ख्रिस्ताच्या मोलवान रक्तानं सोडवलंय, मग तेच बिल परत आपल्याकडनं वसूल करणं त्याच्या न्यायात बसत नाही. मला क्षमा मिळाली हे रडू येण्यावर नाही, या वचनावर आहे. मला रडू आलंच नाही, डास चावत होते.

कॅथलिक असाल तर फादरकडं पापनिवेदनाला जा, ती तुमच्याकडं चांगली सोय आहे. आम्हा लोकांना ती सोय नाही म्हणून एक भरवशाचा माणूस बघा, जो मंडळीत फिरवणार नाही. हा निकष लावल्यावर यादी फार छोटी होते, माझी चर्चमधल्या एका म्हाताऱ्या वडीलधाऱ्या माणसावर येऊन थांबली.

क्षमा मिळाली, मग आता मावशीचे पैसे कशाला द्यायचे? मला मनातनं असंच वाटलं, खोटं कशाला बोलू. इथं जक्कयाची गोष्ट नीट वाचायला पाहिजे. यरीहोचा मुख्य जकातदार, पैसेवाला, बुटका, उंबराच्या झाडावर चढलेला. गोष्टीचा क्रम बघा. प्रभू आधी म्हणतो, खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. तेव्हा जक्कयानं कुणाला एक पै दिलेली नाही. लोक कुरकुरतात, पाप्याच्या घरी गेला. आणि त्याच्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं फसवून घेतलंय त्याला चौपट परत. पैसे देऊन प्रभू घरी आला नाही. प्रभू घरी आला म्हणून पैसे सुटले हातातनं. हे मला कळायला चाळीस वर्षं चर्चमध्ये बसायला लागली.

आपण पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं ना, तिथल्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडात झाला, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळालं. एवढ्या विद्वान बाईला आठ वर्षं, तर आपलं काय घेऊन बसलात.

किती परत द्यायचं? जक्कयानं चौपट म्हणलं ते त्याच्या मनानं. लेवीय ६ मध्ये नियम आहे, जेवढं घेतलं तेवढं पूर्ण, वर पाचवा हिस्सा. म्हणजे चार हजाराला आठशे. आणि तिथला क्रम पण तोच, आधी ज्याचं त्याला द्या मग अर्पण घेऊन या. मत्तय ५ मध्ये प्रभू तर म्हणतो वेदीपाशी आठवलं तरी दान तिथंच ठेव आणि आधी भावाशी समेट करून ये. म्हणजे कापणीच्या सणाला मी भोपळा तिथंच सोडून मावशीकडं जायला पाहिजे होतं, रिक्षानं दहा मिनिटाचा रस्ता.

जाताना या गोष्टी बघा. एकटे जा, बायकापोरं, पाळक, कुणी नको, त्यानं समोरच्यावर दबाव येतो. त्यांच्या कामाच्या वेळेला जाऊ नका, मावशी बिड्या देऊन घरी येते त्याच्यानंतर मी गेलो. पैसे पाकिटात घालून नेऊ नका, आहेर वाटतो, सरळ हातात मोजून द्या. आणि बोलताना कारण सांगू नका. "तेव्हा माझी पण अडचण होती", "डायरी पोरानं इकडं तिकडं केली", असलं एक वाक्य जरी आलं ना तर तुम्ही क्षमा मागत नाही, वकिली करताय. मी एवढंच म्हणलो, मावशी, तुमचे दोन हप्ते तुम्ही दिले होते, मला चिठ्ठी सापडली होती, मी सांगितलं नाही, चूक माझी आहे. येशूचं नाव पण घेतलं नाही तिथं. काही लोकांना वाटतं हीच साक्ष द्यायची संधी, धर्मप्रचाराच्या पत्रिका काढतात, अहो तुम्ही चोर म्हणून गेलाय, प्रचारक म्हणून नाही.

मावशीनं नोटा दोनदा मोजल्या. "आत्ता आठवलं व्हय?" एवढंच. आठशे कशाचे विचारलं, मी सांगितलं उशीर झाला त्याचे, तर म्हणाली उशीर आठशेचा झाला का, पोरीच्या बाळंतपणात मी सावकाराकडनं आणले होते. माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं माफ केलं असं म्हणाली नाही आणि मी विचारलं पण नाही. हे नीट ध्यानात ठेवा, देवाची क्षमा मिळाली म्हणून माणसानं पण लगेच दिलीच पाहिजे असं नाही, ती मागून घ्यायची वस्तू नाही. सावकाराच्या व्याजाचे पण नंतर तीन हप्त्यात देऊन टाकले, ती नको नको म्हणत होती पण घेतले.

एकदम पैसे नसतील तर हप्ते करा, लिहून द्या. माणूस वारला असेल तर वारसाला द्या, वारस पण नसेल तर गणना ५ मध्ये ते परमेश्वराचं म्हणून याजकाला द्यायला सांगितलंय, आजच्या हिशोबात गरजवंताला नाव न सांगता द्या असं मी समजतो. कंपनीतला मोठा घोळ असेल, पोलीस केस होईल असं काही, तर आधी वकिलाशी बोला, त्यात विश्वास कमी पडत नाही. आणि जुन्या प्रेमप्रकरणाची कबुली द्यायला कुणाच्या संसारात जाऊन उभं राहू नका, त्यात मन तुमचं हलकं होतंय आणि घर त्यांचं मोडतंय.

उलटी बाजू पण आहे. तुमचे कुणी बुडवले असतील तर? तो शंभर दिनारवाला जोडीदार आठवा. ऋण सोडणं म्हणजे मनातली वसुली थांबवणं, रोज रात्री त्याच्याशी मनात भांडायचं बंद करणं. याचा अर्थ त्याला परत उसने द्यायचे असा अजिबात नाही. आणि घरात मारहाण होत असेल तर क्षमा करा म्हणून बाईला परत त्याच घरात ढकलणारे जे लोक आहेत त्यांचं ऐकू नका, तक्रार करून पण क्षमा करता येते.

आता ज्यांच्याकडं मुळात पैसेच नाहीत त्यांच्यासाठी, कारण वरचं सगळं माझ्यासारख्या थोड्याफार कमावणाऱ्यांचं झालं. कितीतरी जणी दानाच्या थैलीत घालायला काही नाही म्हणून रविवारी येत नाहीत, ख्रिसमसला नवी साडी नाही म्हणून येत नाहीत. बिडी कारखान्यात वळलेल्या बिड्या तपासतात आणि वाकडी, सैल निघाली की छाट म्हणून बाजूला काढतात, मेहनत गेली, पैसे नाहीत. आयुष्यभर छाट ऐकलेल्या माणसाला वाटतं देव पण तसाच टेबलामागं बसलाय.

त्यांनी चिमण्यांचा हिशोब करावा. मत्तयात लिहिलंय दोन चिमण्या एका दमडीला. लूकमध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना. दोन दमड्यांना चारच व्हायला पाहिजेत, म्हणजे पाचवी वर टाकलेली, जशी भाजीवाली मावशी कोथिंबीर वर टाकते. बाजारात जिची किंमत शून्य आहे ती. आणि लूक तिथंच लिहितो की त्यातल्या एकीचा पण देवाला विसर पडत नाही.

तसंच मत्तय २० मधले मजूर. सकाळपासनं अड्ड्यावर उभे, कुणी कामाला नेलं नाही, संध्याकाळी पाच वाजता द्राक्षमळ्यात नेलं आणि एक तास काम करून पूर्ण दिवसाची हजेरी मिळाली. सोलापूरच्या उन्हात अकरापर्यंत काम मिळालं नाही म्हणून डबा तसाच घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला ही गोष्ट वाचून दाखवा, तो तुम्हाला पाळकापेक्षा चांगला अर्थ सांगेल. आम्ही पगारी लोक मात्र सकाळपासनं राबलेल्यांच्या बाजूनं कुरकुर करतो.

थैली पुढं आली आणि हातात काही नसेल तर सरळ पुढं द्या. हात घातल्याचं नाटक करायची गरज नाही, मी थैली फिरवायचं काम केलंय, आम्हाला कळतं आणि आम्हाला काही वाटत नाही. जवळ होत्या नव्हत्या त्या दोन टोल्या, म्हणजे बारकी नाणी, दानात टाकणाऱ्या विधवेची गोष्ट सांगून तुमच्याकडनं शेवटची नोट कुणी काढत असेल तर मार्क १२ मध्ये दोन ओळी वर वाचा, त्याच्या आधीच प्रभू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर बोललाय. ती गोष्ट गरिबाला पिळायला नाही.

दशांशाचं लोक विचारतात म्हणून सांगतो, देत असाल तर द्या, मी पण देतो, चर्चचं लाइटबिल आकाशातनं भरत नाही. फक्त वहीतलं दुसरं पान रिकामं करून मग द्या आणि शक्यतो नाव न लिहिता. यंदा कापणीच्या सणाला मी घरच्या शेवग्याच्या शेंगा नेल्या होत्या, चाळीस रुपयाला गेल्या. बोली मी लावली नाही, बायको शेजारीच बसली होती.